मनूचा उजवा डोळा

सांगली,
९ मार्च १९७५

चि. हंबीरराव,

तुझ्या बापाचा, आकारामचा, आशीर्वाद. आधीची तीन पत्रं तुला पोचली असणार, कारण परत आली न्हाईत. उत्तर दिलं न्हाईस म्हणून माझी तक्रार न्हाई. दिवाळीच्या सुटीत तू अंगणात उभा राहून मला जे बोललास ते मी इसरलेलो न्हाई. पण हे पत्र शेवटपतोर वाच. ते माझ्याबद्दल न्हाई, मनूबद्दल हाय.

डाक्टर आवटींनी सांगितल्याप्रमाणं दर दोन महिन्यांनी सूनबाई आन् मी मनूला घेऊन वडूजची सकाळची एस.टी. धरतो आन् सांगलीला येतो. नोव्हेंबरात तू हितं असताना डावा डोळा काढला, तवा उजवा सोच्छ हुता. जानेवारीतबी सोच्छ. परवा भूल देऊन परत तपासलं, तर उजव्यातबी गाठ निघाली. मसुरीच्या डाळीएवढी, डोळ्याच्या मागल्या पडद्यावर. घाबरू नको. मी घाबरलेलो न्हाई.

डाक्टरांनी आमा दोघांना समोर बसवलं. तू त्यांना बघितलंयस, गोलगोल न बोलणारा, लपवाछपवी न करणारा माणूस.

“दोन रस्ते आहेत,” म्हणाले. “एक, हाही डोळा काढायचा. पोर जगेल, पण आंधळी जगेल. दुसरा, लाईटनं गाठ जाळायची. गाठ लहान आहे, जागा बरी आहे, म्हणून हे बोलतोय. पण ती दबली नाही तर डोळा काढावाच लागेल, आणि त्यात उशीर झाला तर जिवावर बेतेल. विचार करा. उद्या सांगा.”

तुला तार करायची म्हटलं तर तू कुठल्या डोंगरावर हायस ते सरकारला ठाऊक. मी आन् सूनबाई दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसलो. मनू तिच्या मांडीवर झोपलेली. ठरवायची सवय माझी, ते तू जाणतोस. पण मी म्हटलं, “सूनबाई, मागल्या खेपंला मी ठरवलं. या खेपंला तू सांग.”

तिनं मनूच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. मंग म्हणाली, “मामंजी, तिला अजून रंगांची नावं येत न्हाईत. तांबडा तेवढा येतो. बाकीचे शिकू द्या. लाईट द्या म्हणावं.”

कागदावर अंगठा न्हवं, सही केली मी. पण ठरवलं तिनं. तिची तब्बेत बरी हाय, चौथा महिना सरला.

डाक्टर म्हणत्यात, ही गाठ कवाकवा रक्तातनं येती. सूनबाईच्या आज्याचा एक डोळा गेलेला हुता, हे तुला ठाऊकच हाय. मी काय बोललो न्हाई. नुसतं लिहून ठेवतो.

तुझा बाप
आकाराम


सांगली,
१८ मार्च १९७५

चि. हंबीरराव,

शुक्रवारी मनूला पयली लाईट दिली. पोर खुशाल हाय. आत्ता माझ्या पाठीवर बसून मला बैल केलंय, म्हणून अक्षर असं वाकडं.

आता काय काय झालं ते सांगतो. आधी आवाज, मंग लाईट. भूल दिल्यावर तिच्या मिटल्या पापणीवर पातळ मलम लावलं आन् पेनाएवढी एक नळी टेकवली. त्या नळीतनं आवाज आत जातो. आपल्या कानाला ऐकू येत न्हाई इतका बारीक. तो गाठीला धडकून माघारी येतो आन् एका छोट्या काचंवर हिरवी रेघ उठती. रेघ कुठं उठली त्यावरनं गाठ किती उंच हाय ते कळतं. डाक्टरांनी मला दारात उभं राहू दिलं हुतं. मी म्हटलं, “साहेब, हे मला ठाऊक हाय. ब्रह्मदेशात आमच्या तोफखान्याजवळ एक पार्टी असायची. दुश्मनाच्या तोफंचा आवाज यंत्रात पकडून, ती कुठल्या टेकडीमागं किती लांब हाय ते सांगायची.” डाक्टर हसले. म्हणाले, “हवालदार, मग तुम्हाला समजावायला मला सोपं जाणार.”

लाईटचं मशीन कपाटाएवढं. डाक्टर जर्मनीत दोन सालं ते शिकून आल्यात. औषध घालून डोळ्याची बाहुली मोठी करायची, आन् त्यातनं भिंगातनं नेम धरून लाईट आत सोडायची. एका वेळंला डोळ्याचं पातं लवायच्या आत. पर ती एवढी कडक, की आत जिथं पडंल तिथं भाजून पांढरा ठिपका उठतो. डाक्टर थेट गाठीवर मारत न्हाईत. आधी तिच्या भवतीनं ठिपक्यांचं रिंगाण करतात, म्हंजे गाठीकडं रक्त नेणाऱ्या शिरा बंद होतात. मी म्हटलं, “रसद तोडायची.” ते म्हणाले, “अगदी तेच.”

मंग मला बाहेर काढलं. दाराबाहेर बाकडं हुतं. आतनं टक् टक् आवाज यायचा. मी मोजायला लागलो. चाळीसपतोर मोजले आन् पुढचा आकडाच आठवंना. सूनबाई म्हणाली, “मामंजी, एकेचाळीस.” मंग तीच मोजत राहिली.

दिवसभर डोळ्यावर पट्टी हुती. दुसरा डोळा न्हाई, म्हंजे पोरीला पुरता अंधार. मला वाटलं रडून गोंधळ घालंल. तिनं हात लांब केला, माझ्या मिशा चाचपल्या आन् “आजा” म्हणून झोपली.

महिन्यानं परत आवाजानं मोजायचं हाय. गावाकडं जनावरांचं शेजारचा ज्ञानू बघतोय. आमी हितंच एक खोली घेतली. तुझ्या पलटणीतली हालहवाल दोन ओळीत तरी लिही. न्हाई लिहिलीस तरी मी लिहीन.

आकाराम


सांगली,
२० एप्रिल १९७५

चि. हंबीरराव,

आमची खोली गुणमालाबाई म्हणून एका विधवा जैन बाईच्या घरात हाय. बाई पन्नाशीची, एकटी, आवाज सुभेदार मेजरचा. पयल्याच दिवशी मला म्हणाली, “बाबा, सूर्य बुडायच्या आत जेवायचं. कांदा-लसूण घरात आणायचा न्हाई. आन् मटणाचं नाव काढलंत तर पेटी रस्त्यावर.” तुझा बाप सव्वा महिना झाला सपक आमटी खातोय आन् दिस मावळायला ढेकर देतोय. सूनबाई हसती. ती हसताना मी कितीतरी दिसांनी बघितली. गुणमालाबाई तिला रोज ताक आन् मनूला साखरभाकरी देती. पिवळा रंग मनू तिच्याकडंच शिकली, हळदीच्या डब्यावरनं.

आता मोजणीचं. महिनाभरानं आवाज लावला तर रेघ तेवढीच. वाढली न्हाई, उतरलीबी न्हाई. डाक्टर म्हणाले, वाढली न्हाई हेच चांगलं. पर तोंडावर काय दिसलं न्हाई. मंगळवारी दुसरी लाईट दिली, रिंगाण जरा आत घेऊन. आता दोन महिने थांबायचं.

आता जे लिहायचं म्हणून कागद घेतला ते लिहितो.

मोजणीच्या दिवशी डाक्टरांनी वही उघडून इचारलं, “डाव्या डोळ्यात चमक पहिल्यांदा कधी दिसली?” मी म्हटलं, “दिवाळीच्या सुमाराला.” सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. डाक्टरांनी लिहून घेतलं.

दोन दिवस मला जेवण गेलं न्हाई. गुणमालाबाईला वाटलं, आमटी आवडली न्हाई. तिसऱ्या दिवशी मी एकटाच दवाखान्यात गेलो. बाहेर लय गर्दी हुती, मी सगळ्यात शेवटी आत गेलो. उभाच राहिलो, कर्नलसाहेबापुढं राहायचो तसा. म्हटलं, “साहेब, मी खोटं सांगितलं. चमक होळीपासनं हुती. दिवाळीच्या आधी आठ महिने.”

“मग दाखवलं का नाही?”

हंबीर, तूबी त्या दिवशी अंगणात हेच इचारलं हुतंस, आन् मी तुला म्हटलं, “आमाला दिसलंच न्हाई.” दिसलं हुतं. दिवाबत्तीच्या वेळंला पोर वळली की डावा डोळा मांजरावानी चमकायचा. सूनबाईनंच मला पयल्यांदा दाखवलं आन् म्हणाली, “मामंजी, वडूजच्या डाक्टरला दाखवू या.” मी म्हटलं, “येडी का खुळी? भाग्याचा डोळा हाय.” चावडीवर चार माणसं बसलेली असली की मी मनूला कडंवर घेऊन जायचो आन् कंदील धरून चमक दाखवायचो. माणसं म्हणायची, “हवालदार, नात वाघीण हुणार.” मी छाती फुगवायचो. पुढं डोळा सुजला, तवाबी मी देवऋष्याकडनं अंगारा आणला. सूनबाईला म्हटलं, “माझ्या घरात माझं चालंल.” तू सुटीवर आला नसतास तर गाठ मेंदूत गेली असती.

डाक्टरांनी ऐकून घेतलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी वहीत ‘दिवाळी’ खोडलं आन् ‘होळी’ लिहिलं. म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. आता बसा.”

मी बसलो. तुझ्यापुढंबी तसंच बसायचं राहिलंय, ते हे पत्र धरून बसतोय.

आकाराम


सांगली,
११ मे १९७५

चि. हंबीरराव,

हे पत्र वाचून झालं की पयलं काम तुझ्या पलटणीच्या डाक्टरकडं जायचं. आर्डर समज. का, ते आता सांगतो.

आवटी डाक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्यांचे डोळे बघू. सूनबाईचे बघितले, सोच्छ. मंग मला बसवलं. मी म्हटलं, “साहेब, माझे डोळे पलटणीनं पास केल्यात. अजून सुईत दोरा ववतो.” ते म्हणाले, “बघायला काय जातंय?” औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, कपाळावरच्या दिव्यानं आत बघायला लागले. डावा झाला. उजव्यावर थांबले. “वर बघा. खाली. नाकाकडं.” लय वेळ लावला. मंग दिवा काढून खुर्ची जवळ ओढली.

“हवालदार, तुमच्या उजव्या डोळ्यात एका कडेला जुना व्रण आहे. खडूसारखा पांढरा. लहानपणी तुम्हालाही हीच गाठ झाली होती. तुमची आपोआप सुकली. असं फार थोड्यांचं होतं. कडेला आहे म्हणून नजरेला धक्का लागला नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही.”

मी म्हटलं, “म्हंजे पोरीला...”

“तुमच्याकडून मुलाकडं आणि मुलाकडून तिच्याकडं. तुमचा यात दोष नाही. उंची येते, रंग येतो, तसं हेही येतं.”

औषधानं मला सगळं धुरकट दिसत हुतं. सूनबाईनं हात धरून घरी आणलं. पंचावन्न सालं मी त्या डोळ्यानं जग बघितलं, बंदुकीचा नेम धरला, आन् त्यात काय हाय ते मला ठाऊक न्हाई.

मार्चातल्या पयल्या पत्रात मी तिच्या आज्याचं लिहिलं हुतं, आन् बोललो न्हाई म्हणून लिहिलं हुतं. ते खोटं. बोललो हुतो. तू सुटीवरनं गेल्यावर चार बायामाणसांच्या देखत म्हटलं हुतं, “हे आमच्यात न्हाई, तुझ्या माहेरचं हाय.” तिच्या आज्याचा डोळा देवी येऊन गेलेला. ते मला ठाऊक असूनबी म्हटलं.

खोलीवर आल्यावर ती तांदूळ निवडत बसली. मी म्हटलं, “सूनबाई, माझ्यातनं आलंय.”

“ऐकलं मी.”

“मी तुला जे बोललो...”

ती मान वर न करता म्हणाली, “मला बोललासा ते मी गिळलं, मामंजी. पर माझ्या बाच्या कानावर गेलंय ते. त्यानी तवापासनं आमच्याकडं पाऊल टाकलं न्हाई. त्यास्नी तुमी पत्र घाला. मी न्हाई घालणार.”

रास्त बोलली. आज तुझ्या पत्राआधी पाटणला व्याह्यांना, तात्याबांना पत्र लिहिलं. चार ओळीच झाल्या, पर त्या लिहायला सकाळ गेली.

आता तुझं. तुझ्या डोळ्यात कायबी नसंल, पर बघायला पायजे. आन् येणारं बाळ. डाक्टर म्हणाले, त्याला हुईलच असं न्हाई, पर जन्मल्याबरोबर बघायचं. आधी कळलं तर मोहरीएवढ्या गाठीला लाईट एका दमात पुरती. सूनबाईनं ऐकलं आन् इचारलं, “जन्मल्यावर कितव्या दिशी आणू?” रडली न्हाई काय न्हाई. तुझ्या पलटणीत असले शिपाई किती हायत ते मला ठाऊक न्हाई, आमच्यात थोडेच हुते.

आकाराम


सांगली,
२९ जून १९७५

चि. हंबीरराव,

रेघ उतरली!

बुधवारी आवाज लावला. डाक्टर काचंकडं बघत हुते, मी त्यांच्याकडं. त्यांनी पट्टी धरून मोजलं, परत मोजलं, मंग मला आत बोलावलं. “या हवालदार, बघा.” पयली रेघ जिथं हुती तिथं त्यांनी काचंवर खूण केलेली. नवी त्याच्या निम्म्यापेक्षा खाली. म्हणाले, गाठ सुकून खडूवानी व्हायला लागली. दिव्यानं बघितलं तर भवतीचं रिंगाण पांढरं सोच्छ, मधी गाठ चपटी. तिसरी लाईट दिली, शेवटची म्हणून. तीन सालंपतोर तपासत राहायचं, आन् मधी कवाबी डोकं वर काढलं तर परत जाळायची. असं असलं तरी डाक्टर हसले. सूनबाईनं पदर तोंडाला लावला आन् तिथंच भुईवर बसली. पोटाच्या भारानं तिला उठवायला दोन नर्सा लागल्या.

गुणमालाबाईनं पुरणपोळी केली. तीबी दिस मावळायच्या आत.

तात्याबा आले हुते. पाटणहून भल्या सकाळी निघून दुपारी दारात उभे, डोक्यावर फणस. मी उठून उभा राहिलो. माझ्या पत्राबद्दल एक शब्द बोलले न्हाईत. फणस खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आन् म्हणाले, “इळी हाय का? चिकाला तेल लावून घ्या.” मी इळी आणली, तेल आणलं. आमी दोघांनी मिळून तो फणस फोडला. तासभर लागला. मनू मधी बसून गरे उचलत हुती.

आन् तुझं कार्ड आलं. माझ्या नावावर. सात महिन्यांत पयलं. ‘डोळे तपासले, काही नाही. मनूचं कळवत राहा. तुमच्या डोळ्याला त्रास नाही ना?’ एवढंच. डाक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, काहींना ते शिवत न्हाई, पर पुढं जातं. मला कार्डातलं शेवटचं वाक्यच जास्त वाचावंसं वाटलं. त्रास न्हाई, पोरा. अजिबात न्हाई.

आकाराम


मुक्काम घर,
१४ सप्टेंबर १९७५

चि. हंबीरराव,

तार मिळाली असंलच. ११ ऑगस्टला मुलगा झाला. आठव्या दिवशी आवटी डाक्टरांनी बघितला. दोन्ही डोळे सोच्छ. पर दर महिन्याला न्यायचाय, आन् नेणार. सूनबाईनं भिंतीवर तारखा लिहून ठेवल्यात, त्या कुणी पुसायच्या न्हाईत अशी घरात आर्डर. आता घरात तिचं चालतं. बरं चालतं.

आमी गावाला आलो. गोकुळाष्टमीला देवळात सगळा गाव जमला हुता. मी उभा राहिलो आन् सगळं सांगितलं. पोरीचा डोळा मी कसा दाखवत फिरलो, अंगारा कसा लावला, आन् गाठ माझ्याच रक्तातली कशी. मी खाली बसलो. भजनी मंडळानं परत टाळ उचलले. मला वाटलं, झालं, आता गाव तोंड फिरवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतली अंबूबाई आपल्या नातवाला घेऊन दारात. म्हणाली, “दाजी, ह्याच्या बी डोळ्यात पांढरं दिसतंय. मी कुणाला सांगितलं न्हवतं.” त्याच दिवशी सांगलीला घेऊन गेलो. गाठ न्हवं, जन्माचा मोतीबिंदू निघाला. काढला. पोरगं आता बघतंय.

मनू अडीच वर्षांची झाली. काचंचा डावा डोळा बसवलाय, पर ती बघती उजव्यानं, आन् काय बघती! मुंगी कुठं चालली ते सांगती. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा येतात. काळ्याला अजून ‘म्हस’ म्हणती.

तू २२ तारखेला येतोस असं तुझ्या कार्डात हाय. सूनबाई बाळंतीण, बाळाला घेऊन घरीच राहील. मनूला घेऊन मी वडूजच्या स्टँडवर येईन. माझ्याशी काय बोलायचं ते तू वाटंत ठरव, न्हाईतर बोलू नको. एकच कर. गाडीतनं उतरलास की हाक मारू नको, हात हलवू नको. उतरणाऱ्या माणसांत गप उभा राहा. तुझा वर्दीतला फोटो तिनं रोज बघितलाय. तिला तिच्या डोळ्यानं तुला हुडकू दे.

तुझा बाप
आकाराम